ऱ्हाइनकाठचा शनिवार-रविवार

जर्मनीतल्या विद्यापीठात नाव नोंदवताना सेमेस्टरची जी वर्गणी भरावी लागते, तिच्यात बहुतेक ठिकाणी रेल्वेचं तिकीट आलेलंच असतं. म्हणजे पैसे आधीच गेलेले असतात. तरी पहिले काही महिने हे तिकीट खोली ते विद्यापीठ आणि विद्यापीठ ते इंडियन स्टोअर एवढ्यापुरतंच वापरलं जातं. फिरायला जायचं ठरलं की सगळे पॅरिस, प्राग नाहीतर अॅमस्टरडॅमच्या स्वस्त बस शोधायला लागतात. शुक्रवारी रात्री मान अवघडून प्रवास, शनिवारी धावतपळत फोटो, रविवारी रात्री पुन्हा तीच बस आणि सोमवारी सकाळच्या लेक्चरला डुलक्या. पॅरिसला जरूर जा, पण चार दिवस हाताशी असतील तेव्हा. दोनच दिवस असतील तर लोकल गाडीने, एकाच नदीच्या काठाने आणि परतीची गाडी सर्वांत आधी ठरवून निघावं, असं माझं मत आहे.

हे कसं जमवायचं ते ऱ्हाइन नदीच्या एका टप्प्यावरून सांगते. कोब्लेन्झ ते बिंगेन हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा. दोन्ही बाजूंना उतारावर द्राक्षमळे, डोक्यावर ठिकठिकाणी किल्ले, आणि नदीला अगदी खेटून दोन्ही काठांवर रेल्वे. २००२ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आखेन, कोलोन, बॉन, डार्मश्टाट, फ्रँकफर्ट, माइन्झ इथे शिकणाऱ्या मुलांना हे खोरं जवळ आहे. कोलोनहून कोब्लेन्झला लोकल गाडीने दीडेक तास, कोब्लेन्झहून माइन्झला तेवढाच वेळ. आखेनवाल्यांनी त्यात आणखी तासभर धरावा.

आधी तिकिटाचं बघा

देशभरच्या लोकल प्रवासाचं डॉइचलांड-तिकीट मे २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं. जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. विद्यापीठामार्फत मिळणारी त्याची विद्यार्थी आवृत्ती साधारण ६० टक्के दरात पडते. मात्र तुमच्या विद्यापीठाने ती घेतली आहे की आसपासच्या पट्ट्यापुरतंच जुनं सेमेस्टर तिकीट चालू ठेवलंय, हे विद्यार्थी संघटनेच्या कार्यालयात विचारून खात्री करून घ्या. वर्गमित्राचं तिकीट देशभर चालतं म्हणून तुमचंही चालेल असं नाही, तो दुसऱ्या विद्यापीठाचा असू शकतो.

या तिकिटावर आरई, आरबी, एस-बान या गाड्या आणि शहरातल्या ट्राम, मेट्रो, बस चालतात, सगळं दुसऱ्या वर्गाने. आयसीई, आयसी, ईसी आणि फ्लिक्सट्रेन चालत नाहीत. इथे एक घोळ नेहमी होतो. ऱ्हाइनच्या डाव्या काठाने लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात. कोब्लेन्झला एकाच फलाटावर आधी आयसी येते आणि मागून आपली आरबी. दोन्ही माइन्झलाच जाणार, दोन्हींच्या पाटीवर माइन्झच लिहिलेलं. घाईत चढलात की तपासनीस तुमचं म्हणणं ऐकून घेईल, मान डोलवेल आणि पावती फाडेल. योग्य तिकीट नसेल तर दंड ६० युरोंपासून सुरू होतो. म्हणून पाटीवर गावाचं नाव वाचण्याआधी गाडीच्या नंबराची अक्षरं वाचायची. गाडी डॉइचं बानची नसून दुसऱ्याच कंपनीची असेल तर मात्र बिचकू नका. लोकल मार्ग ठेक्याने दिलेले असतात आणि या खोऱ्यातल्या कित्येक गाड्या खासगी कंपन्याच चालवतात. अक्षरं आरबी किंवा आरई असली की झालं.

तिकीट नावावर असतं, त्यामुळे सोबत ओळखपत्र लागतं. विद्यापीठाचं कार्ड काही ठिकाणी चालून जातं, पण पासपोर्ट किंवा निवासपरवान्याचं कार्ड असलं की वादच उरत नाही. तिकीट मोबाइलवर असेल तर मोबाइल जिवंत राहिला पाहिजे. दिवसभर फोटो आणि नकाशे चालू ठेवले की संध्याकाळी पाच वाजता बॅटरी मान टाकते, आणि तपासनीस नेमका त्यानंतर येतो. पॉवर बँक घ्या. तरी वेळ आलीच तर नाव-पत्ता देऊन पावती घ्या आणि दिलेल्या मुदतीत तिकीट दाखवा. वैध तिकीट होतं हे सिद्ध झालं की दंड नाममात्र रकमेवर येतो. तिथेच हुज्जत घालून काही मिळत नाही.

या तिकिटावर दुसऱ्या मोठ्या माणसाला नेता येत नाही. भारतातून आई-बाबा आले असतील किंवा पाहुणा मित्र असेल तर त्यांच्यासाठी त्या-त्या राज्याचं एक दिवसाचं तिकीट घ्यावं. ते पाच जणांपर्यंत काढता येतं आणि माणसं वाढली तशी प्रत्येकी रक्कम बरीच कमी होते. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालतं. शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. राज्याची हद्द तेवढी बघा. कोलोन एका राज्यात आहे आणि कोब्लेन्झ दुसऱ्या. अशा वेळी देशभर चालणारं एक दिवसाचं तिकीट घ्यावं लागतं. तुमच्या आधी इथे शिकून गेलेला कुणी काका-मामा ओळखीत असेल तर त्याला ‘वीकएंड तिकिटा’बद्दल विचारून बघा. १९९५ मध्ये निघालेल्या त्या तिकिटावर पंधरा मार्कांत पाच जण देशभर हिंडत. ते २०१९ मध्ये बंद झालं, आणि त्या पिढीचा गळा त्याच्या आठवणीने अजून दाटतो.

परतीची गाडी पहिली

सहल आखताना मुलं निघायची वेळ ठरवतात, हॉस्टेल ठरवतात, कुठे काय खायचं तेही ठरवतात. परत कसं यायचं ते ‘बघू तिथे’ वर सोडतात. हे उलटं करा. रविवारी रात्री किती वाजेपर्यंत खोलीवर पोचायचंय ते आधी धरा, तिथून मागे मोजत या आणि गाडी निवडा. त्या मार्गावरची शेवटची गाडी आपली समजायची नाही. आपली तिच्या आधीची. छोट्या गावांमधून गाड्या बहुधा तासाला एक असतात. एक रद्द झाली तर तासभर फलाटावर बसाल, पण घरी पोचाल. शेवटचीच रद्द झाली तर गावात रात्र काढावी लागेल, आणि गाडीला उशीर झाला म्हणून या तिकिटावर आयसीईत चढण्याची सवलत मिळत नाही.

जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात ही आपल्याकडची समजूत विमानतळावरच सोडून द्या. लाईन जुन्या झाल्यात, गाड्या वाढल्यात, आणि दुरुस्तीची कामं नेमकी शनिवार-रविवारी काढतात, कारण कामावर जाणारी गर्दी तेव्हा कमी असते. म्हणजे फिरणाऱ्यांनाच फटका. मोठी कामं तर काही महिने चालतात. फ्रँकफर्ट ते मानहाइम ही लाईन २०२४ मध्ये जुलैपासून डिसेंबरपर्यंत पूर्ण बंद होती. ऱ्हाइनच्या उजव्या काठाची लाईनही २०२६ च्या उत्तरार्धात अशाच कामासाठी बंद ठेवायचं नियोजन आहे. तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी अॅपवर आपल्या गाड्या पुन्हा तपासायच्या, आणि सकाळी घराबाहेर पडायच्या आधी आणखी एकदा. गाडीऐवजी बस सोडली असेल तर तिथे ‘एसईव्ही’ असं लिहिलेलं असतं. ही बस स्टेशनासमोरच मिळेल असं नसतं, कधीकधी पलीकडच्या रस्त्यावर थांबते. बसने वेळ दुप्पट धरा आणि पुढची गाडी त्या हिशोबाने घ्या.

डीबी नॅव्हिगेटर हे अॅप सगळ्यांकडे असतं, पण त्यातल्या दोन सोयींकडे कुणी लक्ष देत नाही. शोधताना फक्त लोकल गाड्या दाखव असं सांगता येतं, म्हणजे आयसीईचं आमिष डोळ्यांपुढे येतच नाही. आणि गाडी बदलायला कमीत कमी किती वेळ हवा तेही ठरवता येतं. अॅप आपणहून पाच-सहा मिनिटांची बदली बिनधास्त सुचवतं. कोलोनच्या मुख्य स्टेशनावर शनिवारी सकाळी फलाट एकवरून फलाट नऊवर सहा मिनिटांत जाऊन दाखवावं कुणीतरी. पंधरा मिनिटं ठेवा. दोनपेक्षा जास्त बदल्या असलेला मार्ग टाळा, तो वीस मिनिटं लवकर पोचवत असला तरी. एकच बदली असेल तर उशीर फार तर एक गाडी चुकवतो. तीन बदल्या असल्या की सगळा दिवस विस्कटतो.

स्टेशनांची नावं पुरती वाचा. बिंगेनला दोन स्टेशनं आहेत, मुख्य आणि शहर. कोब्लेन्झचंही तसंच. तिथे जुन्या गावात जायचं असेल तर मुख्य स्टेशनाऐवजी ‘श्टाटमिटं’ला उतरणं सोयीचं, तिथून दोन नद्यांच्या संगमापर्यंत चालत जाता येतं. पण खरी फजिती सांक्ट गोआर आणि सांक्ट गोआर्सहाउझेन या जोडीत होते. एक ऐलतीरी, दुसरं पैलतीरी. कोब्लेन्झ सोडलं की थेट माइन्झ-वीसबाडेनपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. हॉस्टेल एका काठाला आणि तुम्ही दुसऱ्या काठाला असाल तर फेरीबोट हाच मार्ग. ती रात्री उशिरापर्यंत नसते, आणि तिचं भाडं वेगळं. बुकिंग करताना हॉस्टेल कोणत्या काठाला आहे हे नकाशावर बोट ठेवून बघा.

शनिवार

डब्यात कुठे बसायचं यावर निम्मी मजा ठरते. डाव्या काठाच्या लाईनने कोब्लेन्झहून माइन्झकडे निघालात तर नदी डाव्या हाताला, उलट दिशेने येताना उजव्या. आरक्षण नसतं, त्यामुळे गाडी लागली की लगेच चढा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. सकाळच्या गाडीत सायकलवाले बरेच असतात. सायकलच्या जागेजवळच्या घडीच्या खुर्च्यांवर बसलात तर दर स्टेशनाला उठावं लागेल.

कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते. टोकावर कैसर विल्हेल्म पहिला याचा घोड्यावरचा अजस्र पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी उभं राहून दोन नद्यांचं पाणी एकत्र येताना दिसतं. पलीकडच्या टेकडीवर एरेनब्राइटश्टाइनचा किल्ला आहे आणि नदीवरून तिकडे जाणारा रोपवे. हे सगळं बघायचं तर तीन तास हवेत. हवा स्वच्छ असेल तर कोब्लेन्झ सोडून द्या आणि तेच तीन तास पुढच्या बोपार्टला द्या, असा माझा सल्ला. बोपार्टहून खुर्च्यांचा रोपवे डोंगरावर नेतो. वरून नदीचं भलंमोठं वळण दिसतं, पाणी जवळजवळ मागे फिरल्यासारखं. त्या वळणातून मालवाहू बजरे सरकताना दिसतात, आणि दोन्ही काठांवर एकाच वेळी गाडी आली तर तीही. पाऊस असेल तर याच्या उलट करा. ढगात त्या डोंगरावरून काहीच दिसत नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत थोडी तयारी असू द्या. एवढे चाळीसेक किल्ले एका नदीवर का, तर त्यांतले बरेच जकात वसुलीचे होते. नदीतून माल नेणाऱ्या प्रत्येक बोटीकडून दर काही मैलांवर कुणी ना कुणी सरदार पैसे उकळायचा. काउप गावाजवळ तर जकातीचा किल्ला चक्क नदीच्या मधोमध उभा आहे, दगडी जहाजासारखा. बहुतेक किल्ले सतराव्या शतकाच्या अखेरीस चौदाव्या लुईच्या सैन्याने उडवून दिले. आज डौलात उभे दिसतात त्यांतले कित्येक एकोणिसाव्या शतकात हौसेने पुन्हा बांधलेले आहेत. डोंगरमाथ्यावरचा आणि कधीच उद्ध्वस्त न झालेला असा इथे एकच, उजव्या काठावरच्या ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. सगळे बघायला जाऊ नका. एक आतून बघा, बाकीचे गाडीतून. तिसऱ्या किल्ल्यातली तिसरी चिलखतं बघताना कुणाचाही उत्साह टिकत नाही.

ओबरवेझेल ते सांक्ट गोआर हा टप्पा जपून बघा. पलीकडच्या काठावर लोरेलायचा कडा आहे, पाण्यापासून १३२ मीटर उंच. हाइनरिश हाइनंच्या कवितेमुळे सगळ्या जर्मनीला त्याचं नाव ठाऊक. पण नेमकी इथेच डाव्या काठाची लाईन एकापाठोपाठ एक बोगद्यांत शिरते. मोबाइल काढेपर्यंत अंधार, उजेड, पुन्हा अंधार. कडा नीट बघायचा तर सांक्ट गोआरला उतरून काठाने ओबरवेझेलच्या दिशेने चालत जा, नाहीतर बोटीतून बघा. पात्र इथे इतकं अरुंद आणि वळणाचं आहे की जहाजांसाठी काठावर दिव्यांचे सिग्नल लावलेत. समोरून मोठं जहाज येत असेल तर कळावं म्हणून. इंजिनिअरिंगच्या मुलांना कड्यापेक्षा ते सिग्नलच जास्त आवडतात, असा अनुभव आहे.

मुक्कामाला बाखाराख. लाकडी चौकटीची घरं, गावाभोवती जुनी तटबंदी, मागे द्राक्षमळे. गावाच्या डोक्यावर श्टालेक हा किल्ला आणि त्या किल्ल्यातच युवा वसतिगृह. तोही १६८९ मध्ये उडवलेला आणि विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला. जर्मनीत युवा वसतिगृहं किल्ल्यांत असणं ही जुनी रीत आहे. पहिलं कायमस्वरूपी वसतिगृह १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यातच सुरू झालं. राहायला त्यांचं सभासदत्व लागतं, सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना ते स्वस्तात मिळतं आणि देशभरात चालतं. नाश्ता भाड्यातच असतो. उन्हाळ्यातले शनिवार शाळांच्या सहली आणि कुटुंबं महिनोन् महिने आधी अडवून ठेवतात, म्हणून तारीख आधी आणि मित्र नंतर जमवा. स्टेशनापासून वर जायला पायऱ्यांची वाट आहे, एका पडक्या गॉथिक चॅपलच्या बाजूने. सिंहगड चढलेल्याला ती दम लागण्याआधीच संपते. पण चाकांची बॅग ओढत आणलीत तर प्रत्येक पायरी मोजाल, पाठीवरची सॅकच आणा. पोचायला उशीर होणार असेल तर फोन करून कळवा, स्वागतकक्ष रात्रभर उघडा नसतो.

एक गोष्ट वसतिगृहाच्या पानावर लिहिलेली नसते. उजव्या काठाच्या लाईनवरून मालगाड्या रात्रभर धावतात, आणि त्यांचा आवाज दरीत घुमून वर येतो. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे घेऊन या. गावातल्या काठालगतच्या खोल्यांत तर डाव्या काठाच्याही गाड्या उशाशी.

खाणं, नाणी, रविवार

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रविवारी दुपारी दोन वाजता एखाद्या झोपलेल्या गावात बिस्किटं शोधत फिरणारी मुलं दर आठवड्याला दिसतात. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. मोठ्या स्टेशनांतली दुकानं चालू असतात, पण बाखाराखचं स्टेशन म्हणजे फलाट आणि तिकिटाचं यंत्र. शनिवारीच खरेदी उरका. घरून न्यायला तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि कोरडी चटणी यांना तोड नाही, दुसऱ्या दिवशीही चांगल्या राहतात. लोकल गाडीत खायला हरकत नसते. लसणीच्या चटणीचा डबा तेवढा फलाटावर उघडा.

शाकाहारी असाल तर वसतिगृहाला बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आयत्या वेळी फक्त कोशिंबीर मिळते. ऱ्हाइनच्या भागात किसलेल्या बटाट्याचे तळलेले पॅनकेक सफरचंदाच्या गरासोबत मिळतात. त्यात अंडं असतं, पण मांस नाही. फ्लामकूखन (पातळ पिझ्झासारखा प्रकार) मागवताना ‘ओन श्पेक’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात. दक्षिणेकडे ब्रेत्सेलच्या पिठातही कधीकधी चरबी असते, खाणार नसाल तर विचारून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात गावोगाव द्राक्षांच्या हंगामाचे उत्सव असतात. तेव्हा फेडरवाइसर नावाची अर्धवट आंबलेली वाइन मिळते. ती गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नये. आणि तिची बाटली घट्ट बंद नसते, सॅकमध्ये आडवी टाकलीत तर परतीच्या प्रवासात वह्या-कपड्यांना अभिषेक होईल.

खिशात एक आणि दोन युरोंची नाणी ठेवा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला, लॉकरला, फेरीबोटीला आणि लहान बेकरीत तीच लागतात. कार्ड सगळीकडे चालेल असं धरून चालू नका. गाडीतलं स्वच्छतागृह फुकट असतं, पण त्याच्या दारावर ‘डिफेक्ट’ असा कागद चिकटवलेला सापडण्याची शक्यता दांडगी. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. विकतची घेतलीत तर प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात घालून पैसे परत घ्या.

रविवारी सकाळी नाश्त्यानंतर दिशा आपापली. कोलोन-आखेनकडे परतणाऱ्यांनी बाखाराखहून सांक्ट गोआर किंवा बोपार्टपर्यंत बोटीने जावं. हे प्रवाहाच्या दिशेने जाणं आहे, म्हणून वेळ कमी लागतो. उलट दिशेची बोट प्रवाहाशी झगडत जाते आणि तासाचा दीड तास होतो. वाटेत काउपचा किल्ला आणि लोरेलाय, दोन्ही पाण्यावरून दिसतात. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि त्यांचं तिकीट वेगळं. नदीची पातळी फार वर गेली किंवा फार खाली आली तर फेऱ्या रद्द होतात. ऑगस्ट २०२२ मध्ये काउपच्या मापकावर पाणी चाळीस सेंटिमीटरच्याही खाली गेलं होतं आणि कारखान्यांचा कोळसा-तेलाचा माल अडला होता. त्या मापकाचा आकडा जर्मन बातम्यांत एरवीही येतो, निघण्यापूर्वी बघायला हरकत नाही.

फ्रँकफर्ट-डार्मश्टाटकडे जाणाऱ्यांनी माइन्झला उतरावं आणि सांक्ट श्टेफान चर्चमधल्या मार्क शगालच्या खिडक्या बघाव्यात. १९७८ ते १९८५ या काळात नव्वदी ओलांडलेल्या चित्रकाराने केलेल्या या नऊ खिडक्या. बाहेर ऊन असेल तर आत सगळीकडे निळा उजेड पसरलेला असतो. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, म्हणून दुपारी जा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. या एका गोष्टीसाठी मी कोब्लेन्झचा पुतळा खुशाल सोडेन.

सोबत कोण, आणि कधी

चार जण उत्तम. आठ जण म्हणजे व्हॉट्सअॅपवर तीन दिवस चर्चा, सकाळी स्टेशनवर एकाची वाट, आणि डब्यात सगळ्यांना एकत्र जागा नाही. येणार-नाही-येणारचा घोळ घालणाऱ्यांसाठी सरळ नियम करा: फलाटावर गाडीच्या दहा मिनिटं आधी नसेल तो पुढच्या गाडीने येईल. तिकीट सगळ्यांकडे आहेच, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. डब्यात आईला व्हिडिओ कॉलवर नदी दाखवायची असेल तर हेडफोन लावून दाखवा, आजूबाजूचे बोलत नाहीत पण बघतात.

जुलै आणि फेब्रुवारीत परीक्षा, त्यामुळे या सहलीला एप्रिलअखेर ते जून आणि मग ऑक्टोबर हे दिवस चांगले. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, बोटी बंद, बरेच किल्ले बंद. तेव्हा नाताळच्या बाजारांसाठी मोठी शहरं गाठावीत. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी कोब्लेन्झला ‘ऱ्हाइन ज्वाळांमध्ये’ हा आतषबाजीचा सोहळा असतो. दृश्य सुंदर, पण नंतरच्या गाड्यांत संध्याकाळच्या विरार लोकलचा अनुभव घ्यायची तयारी ठेवा.

म्युनिक-श्टुटगार्टवाल्यांना ऱ्हाइन दूर पडते, त्यांनी एवढा आटापिटा करू नये. श्टुटगार्टहून आरई ५ उल्मवरून थेट बोडन्झे सरोवराकाठच्या लिंडाउला जाते. लिंडाउचं जुनं गाव बेटावर आहे, आणि स्टेशनं दोन. रॉइटिन स्टेशनाला उतरलात तर बेटावर जायला चालावं लागतं किंवा दुसरी गाडी धरावी लागते, तेवढं बघून घ्या. वाटेत उल्मला उतरून चर्चच्या ७६८ पायऱ्या चढता येतील. साडेएकशेएकसष्ट मीटरच्या त्या शिखराला सव्वाशेहून अधिक वर्षं जगातल्या सर्वांत उंच चर्चचा मान होता, तो २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियाकडे गेला. म्युनिकहून याच तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत जाता येतं. सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि निवासपरवाना दोन्ही जवळ हवेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. परत येताना जर्मन पोलीस डब्यात शिरून कागद बघतात. आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीजवळ असाल तर मोबाइलचा डेटा आधी बंद करा. तो देश युरोपीय संघात नसल्याने तुमच्या प्लॅनमध्ये बसेलच असं नाही, आणि बिल नंतर येतं.

घरी आल्यावर एक-दोन कामं उरतात. गाडी साठ मिनिटं किंवा त्याहून जास्त लेट झाली असेल तर डॉइचलांड-तिकिटावर दीड युरो भरपाई मिळते. मात्र चार युरोंच्या आतली रक्कम देत नाहीत, म्हणून असे उशीर साठवून अर्ज एकदम करावा. पाहुण्यांसाठी किंवा स्वतःसाठी महिन्याचं तिकीट वर्गणीने घेतलं असेल तर ते आपोआप पुढे चालू राहतं. पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करा, अकरा तारखेला आठवलं तर पुढच्याही महिन्याचे पैसे जातात.